दोन्हीकडे समुद्र

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पण मी स्वतः मनाने काढलेल्या नदीचंच मूळ मला विचारलं गेलं आणि माझी पंचाईत झाली.

एका काल्पनिक राज्याची गोष्ट लिहायला घेतली होती. ती चार पानांपुढे सरकेना, म्हणून नकाशा काढत बसलो. (काम टाळायला याहून चांगला उद्योग नाही.) निळ्या पेन्सिलीने एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत झोकदार रेघ ओढली. हिचं पाणी चांदण्यात गातं, असंही ठरवून टाकलं.

भाचीने नकाशा पाहिला. "मामा, हिचं पाणी कुठून कुठे जातं?"

दोन्हीकडे समुद्र! ही कसली नदी, ही तर सामुद्रधुनी. गाणारं पाणी भाचीने निमूट मान्य केलं होतं, उतार नसलेलं मात्र नाही. मलाही ते पटेना.

मग एका टोकाला डोंगर आला. मध्येच फुटलेले दोन फाटे खोडले, कारण नद्या वाटेत एकमेकींना मिळतात. फुटतात त्या बहुधा मुखाशी, गाळ साचल्यावर. खरं तर फाटा ठेवता आला असता. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीतून कासिकियारे फुटते आणि ओरिनोकोचं पाणी रिओ नेग्रोमार्गे थेट ॲमेझॉनला नेऊन देते. १८०० साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट तिच्यातून होडीने गेला होता. पण असलं काही मी रचलं असतं, तर भाचीने मला वेड्यात काढलं असतं.

वळणांनी सगळ्यात छळलं. माझी वळणं शेवयांसारखी दाटीवाटीने पडलेली. खऱ्या नागमोडी नदीत एका वळणापासून पुढच्या तशाच वळणापर्यंतचं अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण १० ते १४ पट असतं. पाणी बाहेरचा काठ खातं, आतल्या काठाशी गाळ टाकतं. वळण फुगत जातं आणि एखाद्या पुरात नदी मधली चिंचोळी मान तोडून सरळ निघून जाते. मागे राहतं ते नालाकृती सरोवर.

एक वळण मी खोडलं, पण खोडरबराने नीट गेलं नाही. पुसट निळी कोर तशीच राहिली. तिच्या काठावर एक ठिपका दिला, गाव म्हणून. तिथे एक नावाडी राहतो. नदी गेली त्याला वर्षं झाली, तरी रोज सकाळी तो नाव सोडतो, तळ्याला एक फेरी मारतो आणि निघाला तिथेच उतरतो.

पाचवं पान त्याच्यापासून सुरू झालं.