हुकांवर साचणारा रंग आणि तुटलेले अर्थिंग

पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंगाची भुकटी विजेने भारित करून मालावर फवारून ती भट्टीत भाजण्याच्या, शॉपमध्ये रिजेक्शन वाढले की पहिला संशय पावडरवर जातो, मग फवारणीच्या गनवर आणि शेवटी गन धरणाऱ्यावर; माल ज्या हुकाला टांगलेला असतो त्याच्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. भारित पावडर मालाला चिकटते ती माल अर्थ झालेला, म्हणजे जमिनीशी विजेने जोडलेला, असतो म्हणून, आणि ते अर्थिंग हुकातूनच कन्व्हेयरकडे जाते. मालाला साठ-ऐंशी मायक्रॉनचा थर एकदाच मिळतो, हुकावर मात्र तो दर फेरीला चढून ओव्हनमध्ये पक्का भाजला जातो. जुना हुक हातोडीने ठोकला की करडा, काळा, पांढरा अशा थरांच्या खपल्या निघतात, आणि अशी एखादी खपली ओल्या नव्हे तरी नुकत्याच फवारलेल्या मालावर पडली की तो नग गेलाच.

या थरांमुळे अर्थिंग तुटले की पावडर खाचांत शिरत नाही, मागची बाजू कोरडी राहते. अशा वेळी ऑपरेटर व्होल्टेज वाढवतो आणि दुखणे आणखी चिघळते. त्याहून गंभीर म्हणजे अर्थ न झालेल्या मालावर भार साठून बूथमध्ये, म्हणजे फवारणीच्या बंदिस्त कक्षात, ठिणगी पडू शकते. म्हणून हुक डोळ्यांनी पारखण्यापेक्षा टांगलेला माल आणि अर्थ यांमधील रोध मेगरने (मोठा विद्युत रोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावा. तो १ मेगओहमच्या आत असलाच पाहिजे. सगळा हुक चकचकीत करण्याची गरज नसते, माल जिथे टेकतो ती जागा उघड्या धातूची हवी. ती जागा धारदार किंवा व्ही आकाराची ठेवली तर मालाच्या वजनाने हुकावरचा थर कापला जातो, अर्थात माल पुरेसा जड असेल तर.

सफाईसाठी सुमारे ४०० अंश सेल्सिअसचे बर्न-ऑफ ओव्हन (रंग जाळून काढणारी भट्टी) सोयीचे असले तरी त्यात स्प्रिंगचे हुक मऊ पडतात, जस्त चढवलेले हुक तर त्यात घालूच नयेत, कारण जस्त ४१९ अंशांना वितळते. जाळल्यानंतर उरणारी राखही धुऊन काढावी लागते. आवारात उघड्यावर हुक जाळण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. धूर शेजाऱ्यांना आणि वाकडे हुक आपल्याला. रंग काढण्याच्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत ॲल्युमिनियमची जिग (माल धरणारी चौकट) खाल्ली जाते, हेही ध्यानात असावे. साध्या तारेच्या हुकांबाबत माझे मत वेगळे आहे: ते साफ करण्याच्या मजुरीत नवे येतात, तेव्हा दोन-चार फेऱ्यांनंतर ते सरळ भंगारात टाकावेत.