कसं व्हायचं?

दुपारी पावणेचारला इथं इंग्लंडमध्ये दिवे लावावे लागतात. पहिल्या डिसेंबरात मी मोठ्या कौतुकानं हे आप्पांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “मग नाताळची गाणी म्हणायला लवकर बाहेर पडता येत असेल.”

कोल्हापुरात आमच्या मंडळीची गाण्यांची फेरी रात्री दहाला निघायची, ती पहाटे चारपर्यंत. ढोलकी, झांजा आणि आप्पांची बाजाची पेटी, पट्टा लावून गळ्यात अडकवलेली. घरोघर चहा, करंजी, चिवडा. चौथ्या घरानंतर कुणाच्याच पोटात जागा नसायची, पण ज्या घरी चहा नको म्हणाल, तिथली आजी ते पुढच्या नाताळापर्यंत विसरायची नाही. कुत्री मागे लागायची. दोन गल्ल्या ओलांडल्या की तीही कंटाळायची.

“तिकडचा नाताळ कसा असतो, लिही की एकदा,” असं मैत्रिणी दर वर्षी म्हणतात. झाड, दिवे, टर्की, लाल टोप्या हे सगळं तुम्ही सिनेमात पाहिलेलंच आहे, आणि ते तसंच असतं. त्यात लिहिण्यासारखं फार नाही. मी २०२० चा नाताळ सांगते. इतकी वर्षं लिहीन लिहीन म्हणत राहून गेलंय.

मी केंटमध्ये, मेडस्टनजवळ राहते. नर्स आहे. १७ डिसेंबरला पहाटे साडेतीनला आत्याचा फोन आला. “पोरी, आधी घाबरू नकोस,” असं तिनं सुरू केलं आणि अर्थातच मी घाबरले. आप्पा न्हाणीत घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. वय ७२, साखर वाढलेली. ऑपरेशन करावंच लागेल, पण साखर खाली आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. आई जाऊन चार वर्षं झालेली, मी एकुलती एक. दवाखान्यात धावपळ करायला कोण, तर स्वतःचे गुडघे दुखणारी ६८ वर्षांची आत्या.

“आता कसं व्हायचं गं?” ती म्हणाली.

आमच्याकडे हा प्रश्न कमी आणि सुस्कारा जास्त असतो. पाऊस लांबला तरी कसं व्हायचं, पाहुणे वाढले तरी कसं व्हायचं. म्हणत म्हणत बायका कणीक मळत असतात.

वॉर्डातल्या निम्म्या नर्सेस आजारी होत्या, त्यामुळे रजा २२ च्या आधी मिळेना. मी २३ चं तिकीट काढलं. बॅग भरली. आप्पांसाठी लोकरीचे मोजे, एक चांगली काठी, बिस्किटांचे डबे. १९ तारखेला संध्याकाळी पंतप्रधान टीव्हीवर आले आणि लंडन, केंटसकट आग्नेय इंग्लंडवर चौथ्या पातळीचे निर्बंध लागले. करोनाचा तो नवा प्रकार आमच्याच भागात पहिल्यांदा सापडलेला. जगभर त्याला केंटचा विषाणू म्हणू लागले. माझ्या पत्त्याची एवढी प्रसिद्धी आधी कधी झाली नव्हती. २० च्या रात्री फ्रान्सनं दारं लावून घेतली. २१ ला भारतानं जाहीर केलं की २२ च्या मध्यरात्रीपासून ब्रिटनमधली विमानं बंद. माझं विमान त्यानंतर काही तासांनी सुटणार होतं.

इकडून तिकडून खटपट केली. दुबईमार्गे, दोह्यामार्गे. पण महाराष्ट्रानंही युरोप आणि आखातातून येणाऱ्यांना १४ दिवस सरकारी विलगीकरण लावलं होतं. म्हणजे मुंबईत उतरले असते तरी नाताळ, नवं वर्ष आणि आप्पांचं ऑपरेशन तिथल्या हॉटेलच्या खिडकीतून ऐकलं असतं.

त्या रात्री मी प्रार्थनेला बसले ती भांडायलाच. तू आहेस ना, मग विमान सोडून दाखव. एक विमान. तेवढं केलंस तर मानते. उत्तरादाखल शेजारच्या घराचा गटाराचा पाइप रात्रभर खळखळत राहिला.

इथं आप्पांची शब्बाथ शाळा सांगायला हवी. आप्पांनी आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर काम केलं आणि रविवारी वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये पोरांना शिकवलं. (रॉयल वायल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आला. आप्पा त्याच्याबद्दल असं बोलायचे की जणू काल दुपारी स्टेशनवर भेटला होता.) दर डिसेंबरात ते लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय घ्यायचे. गब्रीएल दूत आधी जखऱ्याकडे येतो, मग मरियेकडे. दोघांनाही न घडण्यासारखी गोष्ट सांगतो, की मूल होणार. म्हातारा याजक विचारतो, हे मी कशावरून समजू? त्याची वाचाच जाते, ती मुलगा होऊन त्याचं नाव ठेवेपर्यंत परत येत नाही. नासरेथची पोरगी विचारते, हे कसं होणार? तिला मात्र दूत नीट उत्तर देतो.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. उठून विचारलं, “आप्पा, दोघांनी प्रश्नच विचारला की. मग एकालाच शिक्षा का?”

आप्पांनी चष्मा पुसला. “‘कशावरून’ म्हणजे पावती मागणं. ‘कसं’ म्हणजे पदर खोचणं. कसं विचारणारी बाई निम्मी कामाला लागलेली असते.”

पंडितांना हे पटेल की नाही, मला ठाऊक नाही. पण २१ च्या त्या रात्री मला एवढं कळलं की मी पावती मागत होते.

आणि मरियेला उत्तर काय मिळालं, तेही बघा. दूतानं पवित्र आत्म्याचं सांगितलं आणि पुढे पत्ता दिल्यासारखं सांगितलं की तुझ्या नात्यातली अलीशिबा (त्या जखऱ्याचीच बायको), म्हातारपणी, तिलाही सहावा महिना आहे. बस. नावनिशी म्हणजे शिरगणती होणार, भरल्या दिवसांची तू दीडशे किलोमीटर बेथलेहेमला जाणार, म्हणजे आपल्या कोल्हापूरहून साताऱ्याच्याही पुढे, तिथं उतरायला जागा नसणार, बाळाला गव्हाणीत ठेवावं लागणार, मग बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा, मग रातोरात मिसर देश, म्हणजे इजिप्त. यातला एक शब्द त्यानं आधी सांगितला नाही. तिला मिळाली ती फक्त एक बाई, जिच्या घरी जाता येईल. आणि ती लगबगीनं गेली.

मी २२ ला सकाळी आत्याला फोन केला आणि पहिल्यांदा सरळ विचारलं, “कसं करूया?”

आत्या म्हणाली, “तालमीतली पोरं आलीत.”

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे. लहानपणी आम्हाला तिच्यासमोरून जायची भीती वाटायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली (४३ फुटांनाच धोक्याची पातळी असते), शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला आणि आमच्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत घराघरांत पाणी शिरलं. तेव्हा याच पोरांनी आप्पांना खांद्यावरून मागच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं होतं. आप्पांनी पेटी सोडायला नकार दिला, म्हणून आधी पेटी गेली, मग आप्पा. तरी तिच्यात पाणी गेलंच. मिरजेहून दुरुस्त होऊन आली, पण काळी चार ही पट्टी मुकीच राहिली. आप्पांचं बोट आता तिच्यावरून उडी मारतं.

तर ही पोरं दवाखान्यात पाळ्या लावून बसली. ऑपरेशनला रक्ताच्या दोन बाटल्यांची सोय करायची होती, सहा जण गेले. आधी ५० हजार भरा म्हणाले. माझ्या इथल्या खात्यातून पैसे पोचायला तीन दिवस, आत्याकडे एवढी रोकड नाही. पोरांनी मंडळाच्या पेटीतून भरले. त्या वर्षी सरकारनं सार्वजनिक गणपतीच्या मूर्तीला ४ फुटांची मर्यादा घातली होती, मिरवणूक नव्हतीच, त्यामुळे वर्गणीतले पैसे शिल्लक होते. एका ख्रिस्ती माणसाचा खुबा गणपतीच्या पैशांवर बसवला गेला. आठवड्यानं मी पैसे पाठवले, तर त्यांनी पावती फाडून फोटो पाठवला. (ही पावती मी मागितली नव्हती.)

त्यांच्यातल्या एकाला मी फोनवर धन्यवाद म्हणाले, तर त्यालाच अवघडल्यासारखं झालं. “ताई, तुम्ही काय काळजी करू नका, आम्ही हाय की. मी अंबाबाईला सांगून आलोय. तुमच्या येशूला तेवढं तुम्ही सांगा. का तुमच्यात नारळ लागतो?”

२३ ला ऑपरेशन झालं. नीट झालं.

आता म्हणून देव पावला, असं लिहून मी मोकळी होणार नाही. त्याच आठवड्यात माझ्या वॉर्डात एक म्हातारी बाई होती. घरच्यांना आत यायला बंदी, म्हणून रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर टॅबलेट धरून उभी राहायचे. पलीकडून मुलगी बोलायची. माझा हात भरून यायचा, तरी हलवायचा नाही, चित्र हललं की मुलगी घाबरायची. ती मुलगीही प्रार्थना करत होती. माझ्यापेक्षा जास्तच, आणि न भांडता. २७ तारखेला ती बाई गेली. माझ्या प्रार्थनेला कान होते आणि तिच्या नव्हते, असा हिशेब मांडणाऱ्या देवावर माझा विश्वास नाही. चर्चमध्ये साक्ष देताना आपण फक्त बऱ्या झालेल्यांच्या गोष्टी सांगतो, हे मला अलीकडे खटकतं.

२४ ला सकाळी रात्रपाळी संपवून घरी आले. फ्रान्सनं सीमा बंद केल्यानं डोव्हर बंदराकडे जाणारे हजारो ट्रक केंटमध्ये अडकले होते. काही मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर, काही एम २० महामार्गावर रांगेनं उभे. पोलंडचे, रुमानियाचे, हंगेरीचे ड्रायव्हर. नाताळला घरी पोचायचं म्हणून निघालेले, आणि केबिनमध्ये दोन-तीन रात्री काढलेले. ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाराचे लोक लंगरचं गरम जेवण घेऊन पोचले होते. आमच्या चर्चच्या बाईंचा फोन आला, तुझ्याकडे खाण्याचं काही आहे का?

माझ्याकडे ती बॅग होती. चार दिवस दाराशी तशीच उभी. उघडली. बिस्किटांचे डबे काढले, मोजे काढले. काठी ठेवली.

आम्ही महामार्गावरच्या एका पुलावर गेलो. खाली ट्रकच ट्रक. पुलावरची माणसं पिशव्यांना दोरी बांधून खाली सोडत होती. माझ्या पिशवीची गाठ काही बसेना, थंडीनं बोटं वळत नव्हती. एका आजोबांनी हातमोजा दातानं ओढून काढला आणि गाठ मारून दिली. खाली लाल जाकिटातल्या एका ड्रायव्हरनं पिशवी धरली, मोजे बाहेर काढले, वर बघितलं, आणि तिथल्या तिथे बूट काढून पायात घातले. मग पाय वर करून आम्हाला दाखवला.

दुपारी अडीचला, म्हणजे तिकडे रात्री आठला, तालमीतल्या पोरानं व्हिडिओ कॉल लावला. अकरापासून कोल्हापुरातही संचारबंदी होती, फेरी नव्हतीच. चर्चमध्ये माणसं मोजून आत सोडत होते. आप्पा पलंगावर अर्धवट बसलेले. चेहरा उतरलेला, पण केस विंचरलेले. पोरगा फोन धरून उभा होता, मध्येच त्याचा अंगठा कॅमेऱ्यावर येत होता. आप्पांनी हलक्या आवाजात गाणं सुरू केलं. आमच्या फेरीचं नेहमीचं, पहिल्या घरी म्हणतो ते. उजव्या हाताची बोटं चादरीवर चालत होती. चादरीवर कुठली आलीय पेटी, तरी काळी चारच्या जागेवरून बोट उडी मारून पुढे गेलं. मी बघितलं. शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ म्हणाले, “अजून एक होऊन जाऊ दे.”

दुसरं गाणं झाल्यावर मी पुलाचं सांगितलं. ट्रक, दोरी, पिशव्या.

“पुरात आपल्याला पण दुधाची पिशवी दोरीनंच वर आलती,” आप्पा म्हणाले. “खाली होडीत ही पोरं, वर मी. दोरी ओढताना पिशवी ग्रिलला घासून फुटली, निम्मं दूध खाली याच्याच डोक्यावर.” फोन हलला. बहुधा पोरगा हसत होता.

मग मी कबूल केलं की तुमच्यासाठी आणलेले लोकरीचे मोजे एका ड्रायव्हरला देऊन टाकले.

आप्पा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

“कोल्हापुरात लोकरीचे मोजे घालून मी काय करणार होतो गं?”