तुम्ही विचारलंत म्हणून: पायथॉन येतं, मग इमेजिंगच्या लॅबमध्ये जमेल का?

मुंबईतली फिजिक्सची आणि इंजिनिअरिंगची मुलं हा प्रश्न हमखास विचारतात: ‘पायथॉन येतं, डीप लर्निंग केलंय, बायोमेडिकल इमेजिंगमध्ये पीएचडी जमेल का?’

जमेल. पवईला आयआयटीसाठी गेट किंवा नेट, कुलाब्याला टीआयएफआरसाठी (टाटा मूलभूत संशोधन संस्था) त्यांची स्वतःची परीक्षा. तो भाग अभ्यासाने निभतो. अडतं पुढे. तुमचा कोड ज्या आकड्यांवर चालणार ते ऑप्टिकल टेबलावर, म्हणजे लेन्स-आरसे मांडायच्या स्थिर टेबलावर तयार होतात, आणि ते चुकलेत हे कोड कधीच सांगत नाही.

ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी घ्या. नेत्रतज्ज्ञाकडे दृष्टिपटलाचे थर दाखवतं तेच मशीन. १९९१ साली एमआयटीतल्या गटाने ही पद्धत मांडली. प्रकाश दोन वाटांनी पाठवायचा, एक आरशाकडे, एक नमुन्याकडे. दोन्ही परत येऊन एकमेकांत मिसळले की उजेड-अंधाराचे पट्टे पडतात, तो इंटरफिअरन्स; ही मांडणी म्हणजे इंटरफेरोमीटर. हल्ली तो स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे तरंगलांब्या वेगळ्या करून घेतात, आणि त्यावर एफएफटी हे गणित केलं की कुठल्या खोलीवरून किती प्रकाश परतला त्याचा आलेख मिळतो. खोलीच्या दिशेने किती बारीक दिसेल हे फक्त प्रकाशस्रोत ठरवतो: ०.४४ गुणिले तरंगलांबीचा वर्ग, भागिले स्रोताच्या तरंगलांब्यांच्या पट्ट्याची रुंदी. तरंगलांबी ८४० नॅनोमीटर आणि रुंदी ५० नॅनोमीटर असेल तर हवेत सुमारे ६ मायक्रॉन, पेशीजालात (टिश्यूत) साडेचार. महागडी लेन्स घेतलीत तरी हा आकडा हलत नाही.

पहिला नमुना साधा आरसा, मग सेलोटेपचे आठ-दहा थर, मग कांद्याची पाकळी. माणूस खूप नंतर. आणि आरशावरच दोन-दोन आठवडे जातात.

सिग्नलच नसेल तर बहुतेक वेळा दोन वाटांची लांबी जुळलेली नसते. १०० नॅनोमीटरचा स्पेक्ट्रम २०४८ पिक्सेलवर पसरला असेल, तर हवेत जेमतेम साडेतीन मिलिमीटर खोली दिसते. प्रकाश नेणारा काचेचा फायबर एका वाटेत १ सेंटिमीटर जास्त असला तर हवेत जवळपास दीड सेंटिमीटर भरून काढावा लागतो. म्हणून स्क्रू फिरवत बसण्याआधी पट्टी घेऊन मोजा.

सिग्नल मिळाला पण आलेखातलं आरशाचं शिखर जाडजूड आहे? आरसा पुढेमागे सरकवून पाहा. जाडी सगळीकडे सारखीच राहिली तर दोष काचेत: एका वाटेत लेन्स आहे, दुसरीत नाही, त्यामुळे डिस्पर्शन (काचेत प्रत्येक रंगाचा वेग वेगळा असणं) जुळत नाही. खोलीबरोबर जाडी वाढत गेली तर दोष गणितात: तरंगलांबीचे आकडे तरंगसंख्येत (तरंगलांबीच्या व्यस्तात) नीट न बदलताच एफएफटी घेतलंय. ही एक चाचणी माहीत नसल्याने मुलं महिनाभर चुकीच्या जागी खोदतात. फायबरला नुसता हात लागला तरी प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलतं आणि फ्रिंज, म्हणजे इंटरफिअरन्सचे पट्टे, फिक्या पडतात, म्हणून तो टेपने टेबलाला चिकटवून टाका. एसीचा झोत थेट इंटरफेरोमीटरवर येत असेल तर वर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला. हसू नका, चांगल्या-चांगल्या लॅबमध्ये ते असतं.

मुंबईचा खास शत्रू म्हणजे बुरशी. पावसाळ्यात लाकडी कपाटात ठेवलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात, आणि एकदा कोटिंग खाल्लं गेलं की ते पुसून परत येत नाही. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ४५ टक्के ठेवा. ते नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना वाळवायचं. लेन्स पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्सपेपरवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, एकाच दिशेने एकदाच. स्पेक्ट्रोमीटरमधल्या ग्रेटिंगला (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीला) मात्र कागद, बोट, काहीही लावायचं नाही.

हॉस्पिटलचं पेशीजाल हवं तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीला महिने धरा. आणि ताजंच मागा: फॉर्मलिनमध्ये ते आकसतं, प्रकाश विखुरण्याची पद्धतही बदलते. परळहून पवईला बर्फावरच्या डब्यातून नमुना आणायचा तर संध्याकाळची वेळ टाळा.

जमेल की नाही हे आजच पाहायचं असेल तर कॉलेजातला मायकेल्सन इंटरफेरोमीटर काढा. सोडियम दिव्यावर गोल पट्टे आणा, आरसा किंचित तिरपा करा, पट्टे सरळ होईपर्यंत आरशाची गाडी सरकवा. मग पांढरा दिवा लावून बारीक स्क्रू केसाकेसाने फिरवा. रंगीत पट्टे जेमतेम काही मायक्रॉनच्या अंतरात दिसतात. स्क्रू जरा जोरात फिरला की निसटले. ओसीटी चालतं ते याच तत्त्वावर. भरपाईची काच काढून पुन्हा शोधून पाहा, डिस्पर्शन म्हणजे काय तेही कळेल.