स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर पुढचे उपचार ठरवताना : माझा अनुभव

टाके भरत आले की घरचे एकच विचारू लागतात, किमो लागणार का? मला मात्र तीन निर्णय वेगवेगळे घ्यावे लागले: किमो, शेक म्हणजे रेडिएशन, आणि हार्मोनच्या गोळ्या. तिन्हींची कारणं निराळी आहेत. किमो टळली म्हणून शेक टळत नाही.

सुरुवात ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टपासून करावी. आधीच्या सुईच्या बायोप्सीवरून गाठीचा पूर्ण आकार आणि काखेतल्या ग्रंथींचं चित्र कळत नाही. रिपोर्टच्या प्रतीवर मी पेन्सिलने खुणा केल्या: गाठ किती मिलिमीटर, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) कितवी, किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित, ईआर आणि पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का हे सांगणारे रिसेप्टर) किती टक्के, हर-टू (पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रथिन) किती, मार्जिन म्हणजे काढलेल्या तुकड्याची कड कशी. काढलेल्या तुकड्याला प्रयोगशाळेत बाहेरून शाई लावतात. शाईच्या रेषेवर कर्करोगाच्या पेशी नसतील, तर आक्रमक, म्हणजे दुधाच्या नळीबाहेर पसरलेल्या प्रकारात सहसा तेवढं पुरतं. दुधाच्या नळीतच राहिलेल्या प्रकाराला, म्हणजे डीसीआयएसला, शेक द्यायचा असेल, तर २ मिलिमीटर अंतर बघतात.

हर-टूपाशी घाई करू नये. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, पण २+ आलं तर निकाल लागलेलाच नसतो, फिश ही हर-टूचं जनुक बघणारी तपासणी करावी लागते. माझं २+ होतं, त्यामुळे फिश येईपर्यंत किमोची चर्चा थांबवली. पॉझिटिव्ह निघालं तर बहुतेकदा किमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवर नेम धरणारं औषध येतं, ते एकूण वर्षभर चालतं, आणि हृदयावर नजर ठेवायला साधारण दर तीन महिन्यांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. मार्गच बदलतो.

ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असेल, तरच ऑन्कोटाइपसारख्या जनुक-तपासणीचा विचार होतो. ती गाठीच्या पॅराफिन ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) करतात, म्हणून ब्लॉक कुठे ठेवलाय हे आधीच विचारून ठेवावं. २१ जनुकांवरून ० ते १०० मध्ये स्कोअर येतो; तो जितका जास्त, तितका आजार परतण्याचा धोका जास्त. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या टेलरएक्स अभ्यासात काखेत प्रसार नसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांना २५ पर्यंतच्या स्कोअरला किमोचा वेगळा फायदा दिसला नाही. पन्नाशीच्या आतल्यांना १६ ते २५ मध्ये थोडा दिसला. म्हणून दुसरीचा स्कोअर बघून आपलं ठरवू नये. या तपासणीचा विषय पहिल्याच भेटीत काढावा, कारण किमो लागली तर ती ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नये.

‘धोका तीस टक्क्यांनी कमी होतो’ हे वाक्य फसवं आहे. समजा, शंभरातल्या दहा जणींना आजार परतण्याचा धोका आहे. तीस टक्के घट म्हणजे तो सात जणींवर येतो, वाचतात तीन. म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, “माझ्यासारख्या शंभर जणींनी किमो घेतली, तर किती जणी जास्त वाचतील?” हा आकडा मिळाल्याशिवाय होकार देऊ नये, नकारही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

स्तन राखला असेल तर शेक बहुतेकींना लागतो. हल्ली १५ बैठका पुरतात, काहींना ५. झोपून हात डोक्यावर न्यावा लागतो. काखेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडला असेल, तर नियोजनाचा सीटी स्कॅनच अडतो, म्हणून फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम सुरुवातीपासून करावेत. डाव्या बाजूला हृदय वाचवण्यासाठी श्वास रोखून शेक देता येईल का, हेही विचारावं.

ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल, तर हार्मोनच्या गोळ्या निदान पाच वर्षं. टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम पाळी चालू असली तरी चालते. लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम पाळी गेल्यावरच, नाहीतर अंडाशय दाबणारं इंजेक्शन सोबत हवं. किमोमुळे थांबलेली पाळी परत येऊ शकते, म्हणून तेवढ्यावर लेट्रोझोल सुरू करण्याआधी रक्तातली हार्मोन तपासावीत. लेट्रोझोलपूर्वी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी. टॅमॉक्सिफेनवर असताना, पाळी गेलेली असूनही रक्तस्राव झाला किंवा एक पाय सुजून दुखू लागला, तर लगेच दाखवावं. सांधे दुखतात म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टर लेट्रोझोलऐवजी एक्झेमेस्टेन किंवा टॅमॉक्सिफेन देऊन बघू शकतात.