खाडा

पेशंटच्या घरी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असा आमच्या टीमचा नियम आहे. चहासुद्धा नाही. आठ वर्षांत मी तो एकदाच मोडला, तोही भाकरी, आमटी आणि वर पुन्हा अर्धी भाकरी खाऊन.

मी आहारतज्ज्ञ. ज्यांच्या कॅन्सरवर आता उपचार करण्यासारखं काही उरलेलं नाही, अशा पेशंटच्या घरी जाणाऱ्या टीममध्ये काम करते. डॉक्टर, सिस्टर, समुपदेशक ठरल्याप्रमाणे जातात आणि मी बोलावलं तर जाते. मला बोलावतात ते जवळजवळ नेहमी एकाच तक्रारीसाठी: पेशंट खात नाही. दुखण्यावर मॉर्फिन आहे, उलटीवर गोळ्या आहेत, 'खात नाही'वर मी आहे.

या आजी लोअर परळच्या. गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीत लागलेलं २२५ चौरस फुटांचं घर, बाविसाव्या मजल्यावर. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, तो कधीच गेला. घरात मुलगा, सून आणि बारावीतला नातू. आजींची कॉट खिडकीला लावलेली आणि कॉटच्या पायथ्यापासून दोन पावलांवर ओटा. एवढ्याशा घरात आजारी माणूस स्वयंपाकघरातच झोपलेला असतो म्हटलं तरी चालेल.

सत्तरी ओलांडलेली बाई. अन्ननलिकेत गाठ. रेडिएशन झालं, पुढे घास उतरेना म्हणून आत जाळीची नळी बसवली, म्हणजे स्टेंट. त्यात भाकरीचा तुकडा किंवा पालेभाजीचा दोरा अडकू शकतो, म्हणून सगळं पातळ नाहीतर मऊ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आजार यकृतात पसरलेला होता आणि वजन ३४ किलो होतं.

त्या पहिल्या भेटीत मी जे केलं ते आधी सांगून टाकते. किलोमागे तीस कॅलरी धरून हजाराच्या आसपासचा हिशोब मांडला. प्रथिनं किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे पन्नासएक ग्रॅम. दर दोन तासांनी नाचणीचं सत्त्व, तूप घातलेलं मुगाचं वरण, दुधातून प्रोटीन पावडर. सुनेला म्हटलं, एक वही करा आणि किती गेलं ते लिहीत चला. पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर यात चूक काही नव्हती. फक्त तो हिशोब वाढणाऱ्या, नाहीतर निदान टिकणाऱ्या शरीराचा होता. कॅन्सर या टप्प्यावर आला की शरीर स्वतःचेच स्नायू वितळवायला लागतं. त्याला कॅशेक्सिया म्हणतात. उपासमार आणि हे एक नव्हे, कारण उपाशी माणसाला खायला घातलं की तो भरून येतो. इथे वरून कितीही ओता, अंगी लागत नाही. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मुलगा समोर हात जोडून उभा होता आणि माझ्याकडे द्यायला तक्ता होता.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. सिस्टरना दुसरी केस होती, म्हणून मी एकटीच गेले. घरात शिरले तेव्हा अडीच वाजून गेले होते. सुनेनं वही माझ्या हातात दिली. शाळेत मुलींचं असतं तसं नीटनेटकं अक्षर.

'८ वा. सत्त्व ४ चमचे. १० वा. थुंकल्या. १२ वा. तोंड उघडलं नाही. २ वा. हे ओरडले, ३ चमचे.'

मागची पानं चाळली. 'हे ओरडले' दिवसाआड होतंच. एके ठिकाणी 'गालात धरून ठेवलं, अर्ध्या तासानं उशीखाली सापडलं' असं लिहून पुढे ते खोडलेलं होतं.

मुलगा सुट्टी टाकून घरी थांबला होता. म्हणाला, "मॅडम, सलाईन लावा. नाहीतर नाकातून नळी टाका. हिनं अख्ख्या चाळीला जेवायला घातलं, आणि ही उपाशी मेली म्हणतील लोक."

आमच्या कामात एक ठरलेलं वाक्य आहे. ते नाकारण्यासारखं नाही, पण आता घासून गुळगुळीत झालंय. मी तेच म्हटलं: आजी जेवत नाहीत म्हणून चालल्या नाहीत, चालल्यात म्हणून जेवत नाहीत. पुढे समजावलं की शेवटी भूकच मंदावते, बळेबळे भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, सलाईननं अंगाला सूज येते, छातीत पाणी भरतं. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "म्हणजे तुम्ही सोडून दिलंत."

मी गप्प.

तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "मी खाडा सांगितलाय हिला. हिला कळंना."

ज्यांनी मेसचा डबा खाल्लाय त्यांना खाडा सांगायला नको: आज जेवायला नाही असं आधी कळवायचं, म्हणजे त्या जेवणाचे पैसे लागत नाहीत. मी स्वतः पुण्यात शिकताना दोन वर्षं मेसवर जेवले. आमच्या काकू आदल्या रात्री नऊच्या आत सांगितलं तरच खाडा धरायच्या, नाहीतर जेवा न जेवा, पैसे लागू. पण हा शब्द या कॉटवर कसा, ते मला कळेना. सुनेनं सांगितलं. आजींची खानावळ होती.

तोपर्यंत आमच्या फाइलमध्ये त्यांच्या व्यवसायापुढे 'गृहिणी' लिहिलेलं होतं.

पाटण तालुक्यातून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या, आणि दोन वर्षांत दहा बाय बाराच्या खोलीत तीसएक मेंबर जेवायला लागले. गिरणगावात अशा शेकड्यांनी बायका होत्या. बायकापोरं गावाला आणि माणूस इथे गाळ्यात पाळीपाळीनं झोपणारा, तेव्हा त्याला दोन वेळचं घालणार कोण? पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून आजी चारला उठायच्या. माणशी तीन भाकऱ्या, म्हणजे एका वेळेला नव्वद, पीठ नऊ-दहा किलो. किराणा वाण्याकडून उधारीवर. गोवा मुक्तिलढ्यातल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली याच बायकांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. आजी त्यातल्याच. सही करायला त्या बँकेच्या फॉर्मवर शिकल्या.

हे सगळं सून आणि मुलगा आळीपाळीनं सांगत होते. आजी डोळे मिटून पडलेल्या, पण कुठे चुकलं की एक बोट वर करायच्या. मुलगा "पंचवीस मेंबर" म्हणाला तेव्हा बोट वर गेलं.

मग संप निघाला. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार, साठावर गिरण्या. बरेच जण गावाला गेले. जे राहिले ते जेवायला येतच राहिले, पैशाशिवाय. वाण्यानं हात आखडला तेव्हा आजींनी मंगळसूत्र गहाण टाकलं. आमटीत डाळ कमी आणि पाणी जास्त व्हायला लागलं. "संपात कुनी येकानं खाडा घेतला न्हाई बघ," आजी म्हणाल्या. हसल्या असाव्यात. त्या चेहऱ्यावर आता हसू आणि कळ यांत फारसा फरक दिसत नव्हता. बऱ्याच जणांनी नंतर पैसे दिले नाहीत. एक मात्र पाचसहा वर्षांनी गावाहून तांदळाचं पोतं घेऊन आला, आणि तो जेवायला बसला तेव्हा आजींनी त्याला झापलं की एवढे दिवस न सांगता खाडा कसा घेतलास.

बोलता बोलता त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तू जेवलीस?"

माझा डबा खाली गाडीत होता. खोटं बोलायला हवं होतं, पण चटकन जमलं नाही.

"वाढ हिला," सुनेला हुकूम.

मी नियम सांगितला. मुलगा म्हणाला, राहू दे आई, मॅडमना चालत नाही. आजींनी उत्तरसुद्धा दिलं नाही. सुनेनं निमूट ताट घेतलं आणि भात वाढायला लागली. कॉटवरून: "भात? मेंबराला भात घालतीस आदी? भाकरी टाक."

आणि मग मी जे पाहिलं ते मला आमच्या कुठल्याच फॉर्मात भरता आलेलं नाही. सून भाकरी थापायला लागली. आजींची पाठ ओट्याकडे, तोंड खिडकीकडे. दोनचार थापा पडल्या असतील. आजी म्हणाल्या, "पिठाची विरी गेलीया. कड फाटंल."

सुनेनं भाकरी उचलली. कड फाटलीच.

"आधन ठिव. ऊन पान्यात मळ."

तिनं पाणी गरम केलं, पीठ पुन्हा मळलं. या खेपेला थापण्याचा आवाज खरंच वेगळा आला. मलाही कळला, म्हणजे आता सांगितल्यावर. आजी ऐकत होत्या. भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरवलं, उलटली, फुगली. आमच्या शास्त्रात वासानं भूक चाळवते वगैरे असतं. तसं काही झालं नाही, आजींना भूक लागली नाही. पण गेले दोन आठवडे ज्या बाईच्या तोंडाशी सगळं घर चमचा घेऊन बसलं होतं, ती आता सुनेला सांगत होती की कांदा फोडून दे, चिरून नको.

मी जमिनीवर मांडी घालून जेवायला बसले. चवळीची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आजी मान वळवून बघत होत्या. मी उगाच कौतुक म्हणून जोरात म्हटलं, फार छान झालीये आमटी.

"मला दाव," आजी म्हणाल्या.

मुलगा चपापला. मी हात धुऊन कॉटपाशी गेले, पाठ उंच केली, गॉजचा बोळा आमटीच्या वरच्या पाण्यात बुडवून पिळला आणि जिभेवरून फिरवला. गिळायचं काहीच नव्हतं, फक्त ओल. त्यांनी जीभ टाळ्याला लावली, थोडा वेळ तशीच ठेवली.

"मीठ कमी हाय."

रेडिएशननंतर चव बिघडते. गोडही कडवट लागतं, धातूसारखं लागतं. तेव्हा मी मनात ते त्या खात्यावर टाकलं. परत ताटाशी बसून घास घेतला तर खरंच कमी होतं. मगाशी कौतुकाच्या नादात लक्षात आलं नव्हतं. मुलाला ब्लडप्रेशर, म्हणून सून वर्षभर मीठ कमी घालत होती आणि सासूपासून ते लपवत होती. आत्ता ती ओट्याला टेकून हसत होती. डोळ्यांतून पाणीही येत होतं, पण त्याबद्दल फार लिहीत नाही.

"वाढ अजून अर्दी," आजी म्हणाल्या. मी खाल्ली.

निघताना मुलगा लिफ्टपर्यंत आला. नळीचं पुन्हा काढलं नाही. फक्त विचारलं, "तिला खाडा द्यायचा म्हणजे आम्ही नक्की करायचं काय?" हा प्रश्न मला कामाचा वाटला, कारण करण्यासारखं बरंच होतं. ओठ सुकू द्यायचे नाहीत, त्यांना साजूक तूप लावायचं. दर थोड्या वेळानं ओल्या बोळ्यानं तोंड पुसायचं. मागितलं तर पाठ उंच करून अर्धा चमचा, नाही मागितलं तर नाही. बोळा पाण्यातच बुडवायला हवा असं नाही, जे घरात शिजेल त्यात बुडवा. मॉर्फिनची वेळ चुकवू नका. आणि जेवायला सगळ्यांनी तिच्यासमोर बसा. तो म्हणाला, आम्ही तिला वास येऊन त्रास नको म्हणून पॅसेजमध्ये जेवतो.

त्या दिवशीच्या रिपोर्टात 'तोंडावाटे आहार' या रकान्यात मी 'खाडा' लिहिलं. डॉक्टर मूळचे केरळचे, त्यांनी विचारलं हे कुठलं औषध.

आजी त्यानंतर अकरा दिवस होत्या. सिस्टर जाऊन येत, मी फोनवर. सून वही लिहीत राहिली, मी सांगितलं नव्हतं तरी. मला फोटो पाठवायची. 'सकाळी चहा, बोळा. साखर जास्त म्हणाल्या.' 'दुपारी कढी. बरी म्हणाल्या.' 'रविवार. मटणाचा रस्सा, बोळा. काही बोलल्या नाहीत, पुन्हा तोंड उघडलं.' पुढे ओळी लहान होत गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने आणि प्रत्येकात तेच एक अक्षर, खा. खानावळीच्या वहीत मेंबरांच्या नावापुढे तसंच लिहायचे म्हणे.

त्या गेल्यावर दहाव्या दिवशी दुपारी सुनेचा फोन आला. बाणगंगेवरून परत येत होते, मागे टॅक्सीचा हॉर्न ऐकू येत होता. मी विचारलं, सगळं नीट पार पडलं का?

"पडलं. पण हे जरा नाराज आहेत."

"का?"

"पिंड ठेवला आणि गुरुजी मागे सरकायच्या आत कावळा शिवला. ह्यांनी काय काय कबूल करायचं ते सगळं पाठ करून ठेवलं होतं. नातवाचं शिक्षण, गावच्या घराचं छप्पर, आत्यांची वही जपू, सगळं. एक शब्द बोलायला मिळाला नाही." थोडं थांबून म्हणाली, "तेराव्याला या. पंगतीला केटरर सांगितलाय. मीठ तेवढं मी बघणार आहे."