हळद घेऊन पाहिलीत का?

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. हे कळल्यावर समोरच्याचा पहिला प्रश्न "म्हणजे नक्की काय होतं?" त्याचं उत्तर चारचौघांत देण्यासारखं नाही. दुसरा ठरलेला: "हळद घेऊन पाहिलीत का?" याचं देते.

घेण्याआधी मी ती वजनकाट्यावर ठेवली. सपाट चमचाभर हळद ३ ग्रॅम भरली. तिच्यातलं ज्याचं एवढं नाव होतं ते कर्क्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्के, म्हणजे चमच्यात ९० मिलिग्रॅम. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. करा हिशोब. रोज तेहतीस चमचे!

निकाल मात्र खरोखर चांगला होता. महिन्याभरात कर्क्युमिन मिळालेल्या २६ पैकी १४ जणांचा आजार शांत झाला, तशाच दिसणाऱ्या खोट्या कॅप्सूल मिळालेल्या २४ पैकी एकाचाही नाही. वाचून मीही हरखले होते. मग बारीक अक्षरं वाचली: सगळेच रुग्ण मेसालामाइन, म्हणजे या आजारावरचं नेहमीचं औषध, घेत होते. कर्क्युमिन जोडीला होतं, बदली नव्हतं. फॉरवर्ड होता होता नेमकी हीच ओळ गळते. दुसऱ्या एका चाचणीत रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, काही फरक पडला नाही.

(तसं मेसालामाइनही सॅलिसिलेटच्या, म्हणजे ॲस्पिरिनच्याच, कुळातलं, आणि त्या कुळाची ओळख झाली विलोच्या सालीतून. झाडपाला विरुद्ध गोळ्या हे भांडण मला कधी कळलंच नाही.)

"नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?" असंही विचारतात. तेव्हा मी निळीची गोष्ट सांगते. निळीच्या पानांपासून केलेली निळी पूड जपानमध्ये याच आजाराच्या ८६ रुग्णांवर तपासली. चांगला गुण दिसला. पण चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण बाहेरून स्वतःच पूड आणून महिनोन्‌महिने घेणाऱ्या एका रुग्णाच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचं समोर आलं. गुण येतो तिथं अवगुणही येऊ शकतो. शरीराला पान आणि गोळी वेगळी दिसत नाही.

मी कर्क्युमिनची कॅप्सूल घेते, मेसालामाइनसोबत, डॉक्टरांना सांगून. मिरीतलं पिपरिन घातलेली नको म्हणाले. पिपरिनमुळे कर्क्युमिन रक्तात जास्त उतरतं, जाहिरातीत त्याचंच कौतुक. पण त्याबरोबर इतर औषधांचंही प्रमाण वाढू शकतं. शिवाय माझी सूज मोठ्या आतड्यात. रक्तात न गेलेलं कर्क्युमिन पुढं सरकत तिथंच पोचतं, मग घाई कशाला? क्वचित कर्क्युमिननं यकृतालाही इजा होते, म्हणून अधूनमधून रक्त तपासते.

आणि बरं वाटतंय एवढ्यावर विसंबत नाही. पोट शांत असतानाही आत सूज असू शकते. ती कळायला शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे सूज असली की वाढणारं प्रथिन, तपासतात. पुढचा नमुना सोमवारी द्यायचाय.