पाच की सात?

आषाढातली सकाळ. पत्र्याच्या शेडवर पाऊस असा कोसळतोय, की शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशीही मोठ्याने बोलावं लागतंय. तरी वाड्याच्या (म्हणजे वस्तीच्या) टोकाला पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सायकलवरचा रबरी भोंगा ‘पों पों’ दाबला, की अर्धवट झोपेतलं घर टोपली शोधू लागतं. पाऊस एकसारखा वाजतो, आणि एकसारख्या आवाजाकडे मेंदू थोड्याच वेळात काणाडोळा करतो. (कानाच्या बाबतीत ‘काणाडोळा’ म्हणणं विचित्रच, पण दुसरा शब्द आहे कुठे!) मध्यरात्री पाऊस एकदम थांबला की जाग येते, तीही म्हणूनच.

भोंगा कुठून वाजला हे दोन कानांमुळे कळतं. डावीकडचा आवाज उजव्या कानाला फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यावरून मेंदू बाजू ठरवतो. चिऱ्याच्या कुंपणावर आपटून लगोलग आलेला पडसाद तो वेगळा धरत नाही, पहिल्या आवाजाचीच दिशा मानतो. घोटाळा होतो तो समोर की मागे यात, कारण तिथे दोन्ही कानांना वेळ सारखीच. मग मान नकळत जराशी वळते.

खरी गंमत गेटपाशी. व्हरांड्यातून हाक येते, ‘सात उंडे!’ (उंडे म्हणजे गोल पाव) आणि पोदेर पाच मोजतो. दोष त्याचा नाही. पाच, सात, आठ, तिन्हींच्या पोटात एकच ‘आ’. या ‘आ’ची बहुतेक ताकद दीड हजार हर्ट्‌झच्या खाली, आणि ती भरपूर. ‘स’ची सळसळ चार हजारांच्या वर, आणि मुळातच नाजूक. पाऊस सगळ्या पट्ट्यांत पसरलेला. त्यात ‘स’ बुडतो, ‘आ’ तेवढा तरंगत येतो. उरलेलं मेंदू सवयीने भरतो. हे घर रोज पाच घेतं, म्हणजे पाचच. तेही नुसतं वाटत नाही, ‘पाच’ असं चक्क ऐकू येतं. जास्त ओरडून फायदा नाही. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं त्या मानाने मागेच राहतात.

उतारवयात हा पाऊस कानाच्या आतच पडू लागतो. उंच सूर टिपणाऱ्या केसपेशी आधी झिजतात, आणि गेलेली पेशी परत उगवत नाही. ‘ऐकू येतं, पण कळत नाही,’ असं आजोबा म्हणतात ते तंतोतंत खरं असतं. घरातले मात्र त्याला हट्ट समजतात. ही झीज लवकरही ओढवून घेता येते. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी; १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीला बंद खोलीत घुमट, शामेळ ही चर्मवाद्यं आणि झांजा टिपेला पोचल्यावर कान गच्च होतात, ती कानाची तक्रारच. त्यावर कापसाची काडी घालू नये. मळ असलाच तर आणखी आत जातो.

पोदेरासाठी उपाय सोपा. पायऱ्या उतरून पुढे व्हावं. अंतर निम्मं झालं की उघड्यावर आवाज ६ डेसिबलने चढतो. तोंड त्याला दिसू द्यावं: ‘प’ला ओठ मिटतात, ‘स’ला नाही, आणि मेंदू ऐकताना ओठही वाचत असतो. तरीही जमलं नाही तर बोटं आहेतच. पाचाला एक हात पुरतो. सात हवे असतील तर छत्री मात्र कुणाकडे तरी द्यावी लागते.